करथकबाकी, लिलाव आणि वाढावा : अमेरिकेतील काउंटी-करविक्रीच्या इतिहासातील एक प्रश्न

१

करपद्धतीचा इतिहास बहुधा राजसत्तेच्या बाजूने लिहिला जातो. कर कोणी बसविला, किती बसविला आणि तो वसूल करण्यासाठी कोणती यंत्रणा उभारली, या प्रश्नांभोवती अभ्यासकांचे लक्ष केंद्रित झालेले असते. परंतु कर थकला, मालमत्ता जप्त झाली, तिचा लिलाव झाला, थकबाकी व्याजासह फिटली आणि तरीही काही रक्कम हाती उरली, तर ती कोणाची, हा प्रश्न हिशेबाच्या अखेरच्या ओळीतला म्हणून दुर्लक्षित राहतो. वस्तुतः शासन आणि मालक यांच्यातील नाते या अखेरच्या ओळीतच सर्वांत स्पष्टपणे लिहिलेले असते. उरलेली रक्कम परत करणारे शासन थकबाकीदाराशी धनको म्हणून वागते. ती ठेवून घेणारे शासन त्याच्या जागी मालक म्हणून उभे राहते.

अशा उरलेल्या रकमेला मराठी जमाखर्चात ‘वाढावा’ हा सुटसुटीत शब्द रूढ आहे. इंग्रजी कायद्यात तिला प्रारंभी ‘ओव्हरप्लस’ व पुढे ‘सरप्लस’ असे म्हटले गेले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या वाढाव्याच्या मालकीविषयी जो दीर्घ वाद झाला व २०२३ साली ज्याचा एक महत्त्वाचा निकाल लागला, त्याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. हा वाद तत्त्वांचा तर आहेच. पण तो काही शब्दांचाही आहे. ‘विक्री’ या शब्दाच्या जागी ‘सरकारजमा’ हा शब्द आला, तेव्हा कायद्याच्या पुस्तकातून वाढावा नाहीसा झाला, आणि ही गोष्ट कित्येक दशके फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही.

२

प्रथम व्यवस्थेचे स्वरूप पाहिले पाहिजे. अमेरिकेत स्थावर मालमत्तेवरील कर हा मुख्यतः स्थानिक संस्थांचा आधार आहे. शाळा, रस्ते, पोलीस, अग्निशमन यांचा खर्च त्यातून चालतो आणि बहुतेक राज्यांत त्याची वसुली काउंटी करते. काउंटी म्हणजे घटकराज्याचा एक प्रशासकीय विभाग. आकाराने ती कोठे आपल्या तालुक्याएवढी, तर कोठे जिल्ह्याएवढी असते. या कराचा बोजा सामान्यतः जमिनीवरच बसतो. कर थकला की मालकाच्या इतर मिळकतीकडे न जाता वसुलीची यंत्रणा त्या घराकडे किंवा जमिनीकडेच वळते.

वसुलीचे मार्ग ढोबळमानाने दोन आहेत. पहिल्यात काउंटी आपला कराचा बोजाच खाजगी व्यक्तीला विकते. खरेदीदार थकलेला कर भरतो आणि मालकाकडून तो व्याजासह वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो. मालकाने ठराविक मुदतीत रक्कम दिली नाही, तर पुढे घराची मालकीच त्याच्याकडे जाऊ शकते. दुसऱ्या मार्गात काउंटी मुदतीनंतर मालमत्ताच लिलावात काढते. दोन्ही मार्गांत सोडवणुकीची मुदत असते आणि ती संपली की मालकाचा हक्क बंद होतो. या बंद होण्यालाच ‘फोरक्लोजर’ म्हणतात.

हा शब्द मुळात गहाणाच्या कायद्यातला आहे. गहाणदाराला आपली मिळकत सोडवून घेण्याचा जो हक्क इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयाने दिला होता, त्याचे दार बंद करणे हा त्याचा मूळ अर्थ. दार बंद झाले की मिळकत संपूर्ण धनकोची होई, मग कर्ज थोडे असो वा फार. या कठोर रीतीबद्दल असमाधान वाढत गेले, आणि अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी एकोणिसाव्या शतकात गहाणाच्या बाबतीत विक्रीची रीत स्वीकारली : मिळकत विकावी, कर्ज फेडून घ्यावे, उरलेले गहाणदाराला द्यावे. म्हणजे सावकाराच्या हातून वाढावा सुटला. काही राज्यांत तो शासनाच्या हातात मात्र राहिला. या विसंगतीकडे पुढे यावयाचे आहे.

३

शासनाने आपल्या येण्यापुरतेच घ्यावे, हा विचार इंग्रजी परंपरेत फार जुना आहे. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या सव्विसाव्या कलमात राजाचा ऋणको मरण पावल्यास शेरीफने काय करावे याची तरतूद आहे. मृताची जंगम मालमत्ता त्याने ऋणाच्या किमतीइतकीच ताब्यात घ्यावी, तीही सचोटीच्या माणसांच्या देखत, आणि बाकीची मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांकडे राहू द्यावी, असे ते कलम सांगते. १६९२ साली विल्यम आणि मेरी यांच्या कारकीर्दीतील पार्लमेंटने कर न भरणाऱ्याचा माल जप्त करून विकण्याचा अधिकार वसुली-अधिकाऱ्यांना दिला. त्याबरोबरच जो ‘ओव्हरप्लस’ राहील तो मालकाला तत्काळ परत करावा, असेही फर्माविले. यातील ‘तत्काळ’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. मालकाने अर्ज करावा, पुरावा जोडावा, मुदत पाळावी, अशी अपेक्षा त्यात नव्हती. परत करण्याचे कर्तव्य वसूल करणाऱ्याचे होते.

अटलांटिक ओलांडून गेलेल्या वसाहतींनी आणि पुढे स्वतंत्र राज्यांनी हीच दृष्टी उचलली; परंतु तेथे कर जमिनीवर होता आणि जमीन मुबलक होती. त्यामुळे वाढावा परत करण्याऐवजी तो निर्माणच होऊ नये, अशी रीत प्रचारात आली : कर भागेल एवढाच जमिनीचा तुकडा विकावा. १८०८ साली जॉर्जियातील एका करविक्रीचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. वसुली-अधिकाऱ्याने थोड्या करासाठी संपूर्ण जमीन विकून टाकली होती. मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनी असे मत दिले की लहान भाग पुरेसा असताना सर्व जमीन विकली गेली असल्यास अधिकाऱ्याने आपल्या अधिकाराचे उल्लंघन केले आणि अशी विक्री टिकत नाही.

यादवी युद्धाने या तत्त्वाची खरी कसोटी पाहिली. युद्धखर्चासाठी काँग्रेसने १८६१ साली प्रत्यक्ष कर बसविला आणि बंडखोर राज्यांतील जमिनींवर तो वसूल करण्यासाठी १८६२ साली कडक कायदा केला. रॉबर्ट ली या दक्षिणेकडील सेनापतीच्या पत्नीची आर्लिंग्टनची मिळकत ९२.०७ डॉलर करासाठी १८६४ मध्ये लिलावात निघाली व शासनाने स्वतःच ती २६,८०० डॉलरला घेतली. कर भरण्यास दुसऱ्याला पाठविले असता अधिकाऱ्यांनी तो घेतला नव्हता. याच कारणावरून १८८२ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनाचा हक्क अमान्य केला.

याउलट साउथ कॅरोलायनातील ब्यूफोर्ट येथे रॉबर्ट स्मॉल्स यांनी करविक्रीतून एक घर घेतले. त्याच घराच्या आवारात ते गुलाम म्हणून जन्मले होते. पूर्वीच्या मालकाच्या बाजूने त्या खरेदीला आव्हान दिले गेले. पण १८७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्मॉल्स यांची मालकी कायम केली. करविक्री कायदेशीर असेल तर खरेदीदाराचा हक्क पक्का असतो, हे या निर्णयाने दाखविले.

मग जुन्या मालकाचे काय राहते? याचे उत्तर १८८१ व १८८४ च्या दोन निर्णयांत मिळते. १८८१ मध्ये न्यायालयाने म्हटले की वाढावा हा शासनाकडे मालकासाठी ठेवलेला विश्वस्तनिधी आहे आणि मालकाने मागणी करेपर्यंत दाव्याची मुदत सुरू होत नाही. १८८४ च्या प्रकरणात थकलेला कर १७०.५० डॉलर होता आणि शासनाने स्वतःच १,१०० डॉलरची बोली लावून जमीन घेतली होती. रोख पैसा कोणीच दिला नसल्याने वाढावा निर्माणच झाला नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. ९२९.५० डॉलर मालकाचे आहेत, आणि ते न देणे म्हणजे मोबदल्याविना मालमत्ता घेणे होय, असा त्याचा निष्कर्ष होता. हे मालक शासनाविरुद्ध शस्त्र धरलेल्या प्रदेशातील होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तत्त्वाची व्याप्ती कळून येते.

४

इतकी स्पष्ट परंपरा असताना वाढावा नाहीसा कसा झाला? याचे उत्तर विसाव्या शतकातील आर्थिक मंदीत शोधावे लागते. मिनेसोटाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ साली करविक्रीतील वाढाव्यावर मालकाचा हक्क मान्य केला होता. परंतु उत्तर मिनेसोटातील जंगले तोडून झाल्यावर लाकूडव्यापाऱ्यांनी उजाड जमिनी टाकून दिल्या, त्यांवर शेती करू पाहणारे कर्जात बुडाले, आणि १९२९ नंतरच्या मंदीत थकबाकीचे डोंगर उभे राहिले. लिलाव पुकारावा तर बोली लावणारा कोणी नव्हता. अशा स्थितीत १९३५ साली राज्याने नवा कायदा केला : मुदतीत कर न भरल्यास जमीन सरकारजमा व्हावी, थकबाकी रद्द व्हावी, आणि पुढे ती विकली गेल्यास येणारी रक्कम काउंटी, नगर व शाळा-विभाग यांत वाटली जावी. जुन्या मालकाचा उल्लेख या वाटणीत नव्हता.

त्या काळापुरते पाहिले तर या कायद्यात फारसा अन्याय दिसत नाही. जमिनीची किंमत करापेक्षाही कमी झाली असेल, तर वाढावा शून्यच असतो. आणि शून्य कोणाचे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. परंतु कायदे किमतींबरोबर बदलत नाहीत. जमिनीला पुन्हा मोल आले, शहरांत घरांच्या किमती अनेकपटींनी वाढल्या, तरी ‘सरकारजमा’ हा शब्द कायद्यात तसाच राहिला. ओसाड रानांसाठी घडविलेले हत्यार आता लोक राहात असलेल्या घरांवर चालू लागले. विक्रीची कल्पना असती तर प्रत्येक वेळी हिशेब मांडावा लागला असता आणि उरलेल्या रकमेचे नाव घ्यावे लागले असते. सरकारजमा झालेल्या वस्तूचा हिशेब मूळ मालकाला देण्याचे प्रयोजनच उरत नाही.

या स्थितीला १९५६ च्या एका निर्णयाने बळ मिळाले. न्यूयॉर्क शहराने पाणीपट्टीच्या ६५ डॉलर थकबाकीसाठी एक मिळकत घेऊन ७,००० डॉलरला विकली होती व दुसरी ८१४.५० डॉलरसाठी स्वतःकडे ठेवली होती. या दुसरीचे मूल्यांकन ४६,००० डॉलरचे होते. मालकांच्या हिशेबनिसाने थकबाकीच्या नोटिसा त्यांच्यापासून लपवून ठेवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने सहानुभूती दर्शवूनही शहराच्या बाजूने निकाल दिला. कारण स्थानिक कायद्यानुसार मालकाला मुदतीत हजर होऊन मिळकतीचे मूल्य थकबाकीपेक्षा पुष्कळ अधिक आहे असे सांगता आले असते, आणि या मालकांनी तसे केले नव्हते. निर्णयाचा आधार असा मर्यादित होता. पुढे मात्र, वाढावा ठेवून घेण्यास राज्यघटनेची आडकाठी नाही, असा त्याचा सैल अर्थ अनेक ठिकाणी लावला गेला.

५

मिशिगन राज्याने १९९९ मध्ये आपला करकायदा बदलला तेव्हा ओसाड पडलेली शहरी घरे लवकर वापरात यावीत, हा हेतू पुढे होता. सहा-सात वर्षे रेंगाळणारी प्रक्रिया सुमारे तीन वर्षांवर आली. वाढावा काउंटीकडे राहू लागला. २००८ च्या आर्थिक संकटानंतर डेट्रॉइट व आसपासच्या भागांत हजारो घरे या वाटेने गेली. त्यांतील एका प्रकरणाने या व्यवस्थेचे स्वरूप उघड केले. ओकलँड काउंटीत एका मालमत्तेवर केवळ ८.४१ डॉलर कर बाकी राहिला होता. व्याज, दंड व शुल्क धरून तो २८५.८१ डॉलर झाला. मालमत्ता २४,५०० डॉलरला विकली गेली आणि सर्व रक्कम काउंटीने ठेवली. जुलै २०२० मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या घटनेनुसार वाढावा मालकाचाच आहे, असा निर्णय दिला. २०२४ मध्ये हा निर्णय पूर्वीच्या प्रकरणांनाही लागू असल्याचे त्याच न्यायालयाने ठरविले.

याच काउंटीत आणखी एक रीत होती. लिलाव न करता थकबाकीच्या रकमेत घर स्थानिक संस्थेकडे द्यावयाचे आणि तिने ते पुढे सोपवावयाचे. लिलावच नाही, म्हणून वाढावाही नाही, असा हा हिशेब. सुमारे २२ हजार डॉलर थकबाकीसाठी सुमारे ३ लाखांचे घर अशा रीतीने गेले, तेव्हा २०२२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने, मालमत्तेतील मालकाचे हितसंबंध असे पुसता येत नाहीत, असे स्पष्ट केले.

अखेरचा निर्णय मिनेसोटातूनच आलेल्या प्रकरणात लागला. मिनिॲपोलिसमधील एका वृद्ध स्त्रीने २०१० मध्ये आपली सदनिका सोडून ज्येष्ठ नागरिकांच्या वसतीत घर घेतले. पुढे सदनिकेवर सुमारे २,३०० डॉलर कर थकला. व्याज व दंड मिळून तो सुमारे १५ हजारांवर गेला. हेनेपिन काउंटीने सदनिका ४० हजारांना विकली व उरलेले २५ हजार ठेवून घेतले. निकालाच्या वेळी ती स्त्री ९४ वर्षांची होती. ‘टायलर विरुद्ध हेनेपिन काउंटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात २५ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला.

मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालपत्रात वर उल्लेखिलेली सर्व परंपरा, मॅग्ना कार्टापासून १८८४ पर्यंत, क्रमाने येते. त्यातील तीन मुद्दे विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला असा की राज्याने कायदा करून एखाद्या हक्काची व्याख्याच बदलली, म्हणून तो हक्क नाहीसा होत नाही; नाहीतर मालमत्तेचे घटनात्मक संरक्षण अर्थशून्य होईल. दुसरा असा की सावकाराने किंवा बँकेने गहाण विकल्यास मिनेसोटाचाच कायदा वाढावा ऋणकोला देतो. स्वतःची पाळी आली की मात्र राज्य वेगळा नियम लावते. तिसरा असा की कर न भरणे म्हणजे मालमत्ता टाकून देणे नव्हे. त्या वेळी छत्तीस राज्ये आणि संघराज्य शासन वाढावा परत करीत होते, याचीही न्यायालयाने नोंद घेतली. सीझरचे सीझरला द्यावे, पण अधिक नव्हे, अशा आशयाने निकालपत्राचा समारोप झाला. त्यानंतर मिनेसोटाने २०२४ मध्ये जुन्या मालकांच्या दाव्यांसाठी १० कोटी ९० लाख डॉलरची तडजोड मान्य केली, आणि इतर राज्यांनीही आपले कायदे दुरुस्त करण्यास आरंभ केला.

६

हक्क मान्य झाला म्हणजे पैसा हाती आला, असे मात्र नाही. इतिहासकाराने येथे निकालपत्रांच्या पलीकडे काउंटीच्या कचेरीपर्यंत गेले पाहिजे. १९५६ चा निर्णय न्यायालयाने रद्द केला नाही. न्यूयॉर्कमध्ये मालकाला मागणीचा मार्ग होता, मिनेसोटात तो नव्हता, एवढा भेद केला. त्यामुळे मागणीचा मार्ग ठेवला की राज्याचे कर्तव्य पुरे झाले, असा अर्थ निघू शकतो, आणि अनेक कायदे त्याच साच्यात घडले आहेत.

सामान्य क्रम असा असतो. विक्रीच्या रकमेतून प्रथम कर, व्याज व विक्रीचा खर्च वजा होतो. नंतर बँक किंवा इतर नोंदलेले बोजाधारक यांचे येणे. आणि शेवटी मालक किंवा त्याचे वारस. मागणीच्या मुदती राज्याराज्यांत भिन्न आहेत. मिशिगनमध्ये २०२० च्या कायद्यानुसार मालकी गेलेल्या वर्षाच्या १ जुलैपर्यंत ठराविक नमुन्यात इरादा नोंदवावा लागतो, आणि त्या वेळेपर्यंत लिलाव झालेला असतोच असे नाही. म्हणजे वाढावा आहे की नाही हे कळण्यापूर्वीच तो मागावा लागतो. कॅलिफोर्नियात खरेदीदाराच्या खरेदीखताची नोंद झाल्यापासून एक वर्ष मिळते, टेक्ससमध्ये विक्रीपासून दोन वर्षे. मुदत टळली की रक्कम बहुधा स्थानिक किंवा राज्याच्या निधीत जाते.

या मुदती कोणाला जड जातात, हे उघड आहे. घर गमावलेल्या माणसाचा पत्ता बदललेला असतो आणि नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. वृद्ध, आजारी, परभाषिक यांना नोटिशीची कायदेशीर भाषा कळत नाही. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांची पुष्कळ जमीन मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तेथे प्रत्येक वारसाला आपले नाते कागदोपत्री सिद्ध करावे लागते. या पोकळीत मध्यस्थांचा एक धंदा उभा राहिला आहे. काउंटीच्या खुल्या दप्तरातून वाढाव्याच्या याद्या काढून हे लोक जुन्या मालकाला शोधतात आणि मिळणाऱ्या रकमेतील वाटा मागतात. जी माहिती कचेरीत विनामूल्य मिळते तिच्यासाठी कित्येकांनी मोठा हिस्सा गमावल्यामुळे काही राज्यांनी या मोबदल्यावर मर्यादा घातली. तथापि ज्याला कचेरीने शोधले नाही त्याला मध्यस्थाने शोधले, ही गोष्टही दृष्टीआड करता येत नाही.

वाढाव्याचे मोजमाप कोणत्या किमतीवरून करावे, हा प्रश्नही आता पुढे आला आहे. सक्तीच्या लिलावात येणारी किंमत बाजारभावाहून पुष्कळ कमी असते. तेव्हा मालकाला मिळावयाचा मोबदला लिलावाच्या बोलीवरून ठरवावा की घराच्या खऱ्या मोलावरून? मिशिगनमधीलच एका काउंटीविरुद्धचे असे प्रकरण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीस घेतले.

७

या सर्व विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. करविक्रीच्या इतिहासात वाढाव्याचा हक्क कोणी उघडपणे नाकारून हिरावून घेतला नाही. किमती पडलेल्या काळात तो निरर्थक झाला, तेव्हा कायद्याची भाषा बदलली. किमती वाढल्या तेव्हा ती भाषा मागे फिरली नाही. शासनाला धनको म्हणणारा शब्द गेला आणि मालक म्हणणारा शब्द राहिला. २०२३ च्या निर्णयाने जुना शब्द पुन्हा स्थापित केला, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.

परंतु १६९२ च्या कायद्याशी आजच्या नियमांची तुलना केली, तर एक अंतर अद्याप शिल्लक दिसते. त्या कायद्यात वाढावा परत करणे हे वसुली-अधिकाऱ्याचे काम होते आणि ते तत्काळ करावयाचे होते. आज अनेक ठिकाणी ते मालकाचे काम झाले आहे, आणि ते मुदतीत करावयाचे आहे. कर मागण्यासाठी शासन मालकाच्या दारी जाते. वाढावा घेण्यासाठी मालकाला शासनाच्या दारी जावे लागते. हिशेबाची अखेरची ओळ आता लिहिली जाते, इतके खरे. ती कोणी वाचून दाखवावयाची, हा प्रश्न प्रत्येक काउंटीच्या कचेरीत नव्याने उभा राहतो.